ढेकणांचं भाडं

हसायचं नाही या अटीवर सांगतो. तुम्ही हसणारच म्हणा, पण निदान चहा तोंडात असताना हसू नका.

आमच्या घाटनांदुरात माझं खत-बियाणांचं दुकान आहे. पण नाव आहे ते घासाघिशीत! कुणाला बैल घ्यायचा असो की पोरीच्या लग्नाचा बस्ता काढायचा असो, लोक मला सोबत नेतात. माझी रीत एकच. वस्तूला हात लावायच्या आधी नावं ठेवायला सुरुवात करायची. बैल असला की "डोळ्यात पाणी दिसतंय." साडी असली की "पहिल्याच धुण्यात विटंल." समोरचा दुकानदार रडकुंडीला आला की भाव आपोआप खाली येतो.

तर आमच्या लेकीला, अश्विनीला, बीडचं स्थळ आलं. माझ्या मेव्हण्यानं, दत्तानं आणलेलं. पोरगा कॉलेजात शिकवतो, आणि पोरापोरीचं फोनवर आधीच सूत जुळलेलं. आता फक्त आम्ही घर बघून यायचं होतं.

बायको म्हणाली, "पोराच्या बापाचा धंदा कसला हाय, इचारलं का?"

"बायोडाटात लिव्हलंय की, व्यवसाय! मी काय इन्कमटॅक्सवाला हाय का?"

नडलं ते इथंच.

त्यांनी दत्ताकडून निरोप धाडला होता, "आदल्या दिशी या, आमच्याकडंच उतरा, सोय हाय." पण सोयरीक जमायच्या आधी पोरीकडच्यांनी तिथं मुक्काम करायचा? लोक काय म्हणतील? मी ठणकावून नाही म्हणालो. मग अश्विनीनं मोबाईलवर एक ॲप काढून दिलं. त्यात म्हणे आपण खोलीची बोली लावायची, हॉटेलवाल्यानं उत्तर द्यायचं, आणि भाव ठरेपर्यंत ना त्याला आपलं नाव कळणार ना आपल्याला त्याचं.

माझ्यासारख्या माणसाच्या हातात असलं ॲप! माकडाच्या हाती कोलीतच की हो!

बीडच्या बसस्टँडजवळचं एक हॉटेल निवडलं. निम्म्या भावाची बोली टाकली. उत्तर आलं, "साहेब, परवडत नाही."

मी लिहिलं, "बसस्टँडजवळच्या गाद्या माहीत आहेत आम्हाला. ढेकणांचं भाडं वेगळं लावता की त्यातच धरता?"

"साहेब, गाद्या नव्या आहेत."

"आणि नळाला पाणी येतं का नुसताच आवाज?"

"चोवीस तास पाणी आहे, साहेब."

"तुमचा मालक तरी झोपतो का तिथं? त्याला विचारा."

"मी मालकच बोलतोय."

आता इथं शहाण्या माणसानं थांबावं की नाही? मी लिहिलं, "मग विषयच संपला! मालकच मोबाईल घेऊन बसलाय, म्हणजे गिऱ्हाईक फिरकत नाही."

मग 'बोली मंजूर' असं आलं. मी गड जिंकल्यासारखा घरभर फिरलो. खाली हॉटेलचं नाव आलं होतं, पण ते वाचून मला काय कळणार?

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पोहोचलो. काय सांगू! पांढऱ्याशुभ्र चादरी, गरम पाणी, न मागता चहा. मॅनेजर हात जोडून म्हणाला, "मालकांनी सांगितलंय, तुमच्या गाद्या दिवसभर उन्हात टाकल्यात." मी बायकोला कोपर मारलं, "बघ, भाव पाडला की माणूस कसा लायनीवर येतो!"

सकाळी नवे कपडे घालून खाली आलो आणि मॅनेजरला दत्तानं दिलेला पत्त्याचा कागद दाखवला. "हे घर कुठं आलं हो?"

त्यानं कागद बघितला, माझ्याकडं बघितलं आणि बोट छताकडं केलं. "हितंच की साहेब. वरच्या मजल्यावर. मालकांचं घर."

म्हणजे ज्याला ढेकणांचं भाडं विचारलं, तोच पोराचा बाप! परत फिरावं म्हटलं, तर अश्विनी पुढं होऊन जिना चढायला लागली होती. तिची ती लगबग बघून मला अगदी भडभडून आलं. माझ्या जिभेपायी लेकीचं जमलेलं मोडणार!

वर दारातच पोराचे वडील उभे. "या या पाव्हणं! झोप लागली का? काही चावलं तर न्हाई ना?"

मी सोफ्यावर बसलो आणि ठरवलं, आता नुसतं कौतुक करायचं. घर? लई भारी! पंखा? काय वारा लागतोय! पडदे? असे पडदे आमच्या तालुक्यात नाहीत! पोरानं स्वतः केलेले पोहे आणले. वा वा, अमृत! मी भिंतीवरच्या कॅलेंडरचंसुद्धा कौतुक केलं. बायको डोळे वटारून बघत होती, आणि मी जसजसं कौतुक करत गेलो तसतसं पोराच्या वडलांचं तोंड उतरत गेलं.

शेवटी त्यांनी कप खाली ठेवला. "पाव्हणं, सरळ सांगा. तुमाला ही सोयरीक करायची न्हाई ना?"

"अहो, कावून असं बोलता?"

"कावून म्हंजी? मी बी जनावरांच्या बाजारात वाढलोय. ज्याला घ्यायचं न्हाई, त्योच कौतुक करून फुडं जातो. खोली तुमाला घ्यायची हुती, तवा ढेकणापासून नळापर्यंत नावं ठिवली. तुमचं नाव बघितलं तवा मी म्हणलं, माणूस पक्का हाय, घराला बी मन लावून नावं ठिवील. आन आता? एक बी नाव न्हाई!"

पोराचा चेहरा पडला. अश्विनी माझ्या कानाशी आली, "पप्पा, नावं ठिवा की! पटकन!"

जन्मभर दुनियेला नावं ठेवली हो मी! आणि लेकीसाठी एकच ठेवायचं होतं, तर सापडेना. घर खरंच चांगलं, माणसं त्याहून चांगली. मी घामाघूम होऊन इकडंतिकडं बघितलं आणि हातातल्या बशीकडं बघून म्हणालो,

"पोह्यात… मीठ लई कमी हाय!"

मग पोराच्या वडलांनी मांडीवर थाप मारली. "आता कसं! अगं ए, साखर आण! जमलं!"

पोरगा हसला, अश्विनी लाजली, मला तर रडूच फुटलं.

आता खरं सांगू? त्या पोह्यात मीठ अगदी बरोबर होतं. पण आता मी लेकीकडं गेलो की जावईबापू माझ्यासाठी वेगळी कढई चढवतात आणि त्यात मूठभर मीठ जास्त टाकतात. लेक शेजारी उभी राहून विचारते, "आता बरोबर हाय ना पप्पा?"

आणि मी बीपीची गोळी गिळतो, बशी चाटूनपुसून साफ करतो आणि म्हणतो, "झकास!" लगेच व्याही आतून ओरडतात, "पाव्हणं कौतुक करायलेत रे! म्हंजी आवडलं न्हाई. अजून थोडं टाक!"