सुहासचा नंबर

आज मी सुहासचा नंबर बंद केला.

त्याला जाऊन आज वर्ष झालं. वर्षभर मीच त्याच्या फोनला रिचार्ज मारत होते. गेलेल्या नवऱ्याचा फोन बायको चालू ठेवते म्हटल्यावर लोकांना वाटतं, भावनेपोटी. तसं नव्हतं. फोन वाजत होता.

सुहास नाशिकच्या अंबड एमआयडीसीतल्या एका कंपनीतून रिटायर झाला आणि छोट्या कारखानदारांच्या मागे लागला. नवं मशीन घ्या, सॉफ्टवेअर शिका. लेथवाले, बेकरीवाले, घोटीचे राइस मिलवाले, कोणीही.

मी विचारायचे, "तुला राइस मिलमधलं काय कळतं?"

"काहीच नाही. ज्याला कळतं तो कुठे बसतो, ते माहितीय."

शनिवारी अंबडला सुट्टी, मालक मोकळे. त्या दिवशी तो एका मालकाला गाडीवर बसवून दुसऱ्याच्या शेडवर न्यायचा, तिथलं मशीन चालवून दाखवायला.

"अहो साहेब, तो माझा कॉम्पिटिटर आहे."

"म्हणूनच. माझं तुला पटणार नाही, त्याचं पटेल."

फी नाही. अट एकच: ज्याने पाहिलं, त्याने पुढच्याला दाखवायचं.

सगळेच काही सरळ नव्हते. एकाने मशीन दाखवलं, पण बंद ठेवून. वर चहा-बिस्किटं. सुहासने शांतपणे चहा संपवला आणि म्हणाला, "चहा झकास. आता बटण दाबा."

सुहास गेला, आणि दिवसकार्य आटोपायच्या आत घोटीहून एका मिलवाल्याचा फोन आला.

"साहेब हायेत का?"

मी सांगितलं.

"लय वाईट झालं, ताई." मग चाचरत, "मंग आता सॉर्टरचं कोणाला इचारू? काळे दाणे तांदळातच ऱ्हातेत."

लगेच माफी मागायला लागला. मला मात्र राग आला नाही. त्या दिवसांत सांत्वनाशिवाय दुसरं काही बोलणारा तो पहिलाच माणूस होता.

माझा जन्म पेपरच्या डेस्कवर गेला. सॉर्टर म्हणजे तांदळातले खराब दाणे हवेने उडवून वेगळे करणारं मशीन, हेही ठाऊक नव्हतं. सुहासच्या फोनमध्ये शोधलं. नंबर सेव्ह करायची त्याची पद्धत अशी: 'लेथ, तोंडाळ'. 'ओव्हन कॅम्प, चहा गोड'. 'सॉर्टर इगतपुरी, कमी बोलतो'.

कमी बोलणाऱ्याचा नंबर दिला.

संध्याकाळी पुन्हा फोन. "जमलं, ताई. हवेचं प्रेशर कमी होतं. त्यो स्वतः आला बघायला."

त्या दिवशी मी पोटभर जेवले.

मग सवय झाली. देवळाली कॅम्पच्या बेकरीवाल्या बाई: नव्या ओव्हनमध्ये नानकटाई करपते. सातपूरचा एक जण: प्रोग्राम लोड होत नाही. मी याचा नंबर त्याला द्यायचे, त्याचा याला. कुणीतरी मला "मॅडम, तुम्ही पण इंजिनिअर का?" असंही विचारलं. हसू आलं. घरात हसायला दुसरं कोणी नव्हतं.

मग फोन कमी झाले.

त्यांनी आपसात ग्रुप केला होता. मला त्यात घेतलं नाही. घ्यायचं काही कारणही नव्हतं.

गेल्या आठवड्यात मीच घोटीला फोन लावला. मागे मशीन धडधडत होतं.

"काही अडचण नाही ना, भाऊ?"

"नाय ताई, मस्त चाललंय. आता मीच दोघांना दाखवलं. एक तर आमच्या समोरचाच मिलवाला."

"बरं झालं."

"तुमचं काय काम होतं का, ताई?"

"नाही. सहज केला."

"बरं मंग, ठिवतो. गाडी भरायचीय."

सुहास, तुला हेच हवं होतं. तुझ्यावाचून त्यांचं चालतंय.

त्यांचं चालतंय.

मनापासून तुझा निरोप घेते.