रोक्रुआची लढाई आणि आईची खंडेनवमी

मागच्या वर्षी लढाई संपायच्या आधीच माझ्या हातातून भाला सुटला आणि मी रांगेबाहेर बसून चक्क रडले. यंदा ठरवलं होतं, हात तुटले तरी चालतील, शेवटचा ढोल वाजेपर्यंत भाला खाली ठेवायचा नाही.

लढाई रोक्रुआची, १६४३ सालची. फ्रान्सच्या राजाचं सैन्य विरुद्ध स्पेनच्या राजाचं. आम्ही हौशी मंडळी ती व्हर्जिनियातल्या एका शेतावर पुन्हा लढतो. मी स्पेनकडून. बाकीचे पळाल्यावरही भालेवाल्यांचा जो चौकोन उभा राहिला, त्यात.

शनिवारी पहाटे आमच्या कॅरी गावाहून निघालो. नवरा निखिल ड्राइव्ह करत होता, मागे सांगलीहून आलेली आई. साडेतीन तासांचा रस्ता, वाटेतली कॉफी भिकार, म्हणून थर्मास आणि तिखटमिठाच्या पुऱ्या घरूनच.

"म्हणजे हरणार हे आधीच ठरलंय?" आईनं विचारलं.

"हो."

"मग एवढ्या लांब कशाला? घरीच हरायचं की."

निखिल इतका हसला की एक्झिट चुकला.

पार्किंग गवतातच, फुकट. मी लोकरी कोट चढवून आले तर टपावरून उतरवलेला माझा सोळा फुटी भाला गवतात आडवा, त्यावर हळदकुंकू आणि झेंडू, आणि आई हात जोडून उभी.

"अगं, हे काय केलंस?"

"आज खंडेनवमी आहे. शस्त्र पुजल्याशिवाय हातात घ्यायचं नसतं."

इथे लढाईआधी प्रत्येकाची तपासणी होते. घड्याळ, चेन, नेलपॉलिश, त्या काळातलं नसलेलं काहीही सापडलं की थेट प्रेक्षकांत. तपासणारे दाढीवाले आजोबा आलेच. कुंकवावर बोट फिरवून म्हणाले, "हे काय?" मी पूजेचं सांगितलं, कुंकू हळदीपासूनच करतात, आजकालचा रंग नाही, हेही सांगितलं.

"सोळाशे त्रेचाळीसमध्ये करायचे हे?"

मी आईकडे बघितलं. "सांग त्यांना," ती म्हणाली, "तेव्हा आमच्याकडे लढायांना काय तोटा होता? पूजा चुकवून चालेल कसं?"

मी तसंच्या तसं सांगितलं. आजोबा खदाखदा हसले, मला पास केलं, आणि स्वतःची तलवार आईपुढे धरली. झालं, रांगच लागली. शेवटी फ्रान्सचे बंदूकवालेही आले.

"आई, ते शत्रू आहेत," निखिल म्हणाला.

"असू देत. सणाच्या दिवशी कुणाला परत पाठवायचं नाही."

दोन वाजता ढोल वाजला. बघायला जाणार असाल तर टोपी आणि घडीची खुर्ची न्या, सावली औषधालाही नाही. पहिले दोन हल्ले आम्ही मजेत परतवले. तिसऱ्याला माझे दंड थरथरायला लागले. शेजारचा शाळामास्तर पुटपुटला, "मेल्यासारखी पडून घे. कुणाला कळणारही नाही."

खरं सांगते, मोह झाला. पण भाल्याचं बूड पायाशी रोवलं, दात आवळले आणि मनातल्या मनात पाढे म्हणत राहिले. एकोणतीसच्या पाढ्यात शेवटचा ढोल वाजला. आम्ही शरण गेलो, फ्रेंच सेनापतीनं टोपी काढून आम्हाला मुजरा केला. मला केवढा आनंद झाला होता!

रात्री तिथेच मुक्काम करून रविवारी संध्याकाळी घरी. तळहातांवर फोड, सोमवारी टाइप करताना हाल झाले. सरावाला हातमोजे घालाच. पलीकडच्या खोलीत आई फोनवर मावशीला सांगत होती, "हो गं, हरले सगळे. पण आमची केतकी शेवटपर्यंत उभी होती."