अदुलिसवरचा झेंडा

माझे यजमान अयालेव तीस वर्षं देब्रे बिरहानच्या धान्यकोठारावर होते. निवृत्त होऊन तीन वर्षं झाली तरी कोठार सुटलेलं नाही. ते आता आमच्या बैठकीच्या खोलीत, संगणकाच्या पडद्यावर आलंय. तिथे अयालेव आमच्या जुन्या अक्सुम राज्याचे राजे आहेत. फौजा ठेवायच्या, बंदरं राखायची, शेजाऱ्यांशी लढायचं, असा तो खेळ. एक डाव आपला, एक समोरच्याचा. समोरचा म्हणजे माझा धाकटा भाऊ सिसाय. तो राजधानीत, अदिसला, कारकुनी करतो आणि इराणचा बादशहा आहे. त्याचा डाव सकाळी कचेरीत जाण्यापूर्वी, यांचा दुपारच्या कॉफीनंतर.

यांचा डाव म्हणजे खरं तर माझा. यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. पडद्यावरचे आकडे मी वाचायचे, बटणं मी दाबायची, आणि बोलणीही मीच खायची.

"धान्य किती?"

"चाळीस दिवसांचं."

"नीट बघ. काल एक्केचाळीस होतं."

"काल होतं. आज शिपाई जेवले असतील. माणसं जेवतात हो."

शाळेत साठ पोरांना भूगोल शिकवून मी घरी येते ती हे ऐकायला. बरं, एवढं धान्य भरून लढाई करावी, तर तेही नाही. आठशे घोडेस्वार आणि वीस हत्ती यांनी अदुलिस बंदरामागच्या डोंगरात नेऊन बसवले, ते सहा महिने तिथे नुसते खातायत. मी म्हटलं, अहो, मी एवढी वर्षं दोन बकऱ्या पाळते, त्या निदान दूध देतात.

डोळ्यांचं बोललं की, "डोळ्याला सुरी लावू देणार नाही. मठातलं पवित्र पाणी चालू आहे." पाणी तीन वर्षं चालू आहे, भिजते फक्त सदऱ्याची कॉलर. मागे साखर म्हणून कॉफीत मीठ घातलं, आणि मी हसले तर म्हणाले, "आमच्या आईकडे असंच पितात." संपवली सुद्धा.

जानेवारीत सणाला सिसाय आला आणि त्याने पैज लावली.

"गाशे," तो म्हणाला. थोरल्यांना आम्ही मानाने तसंच म्हणतो. "अदुलिस मी घेतलं, तर तुम्ही माझ्यासोबत अदिसला येऊन डोळे करून घ्यायचे. पावसाळ्यापर्यंत टिकवलंत, तर मी जन्मात विषय काढणार नाही."

"काढणार नाहीस ना? येशी, तू साक्षीदार," हे मला म्हणाले.

मी साक्षीदार! नवऱ्याची फौज सांभाळायची मी, आणि ती हरावी म्हणून मनातल्या मनात मारियम मातेला नवस बोलायचाही मीच. एखादा आकडा चुकवून वाचला असता तर काम झालं असतं. तोंडापर्यंत यायचं. पण तीस वर्षं ज्या माणसाने मापात मूठभर चूक केली नाही, त्याला चुकीचा आकडा सांगायला जीभ वळेना. या जिभेचाही मला राग यायचा.

सिसायला मात्र यांची मेख माहीत होती. बुधवार आणि शुक्रवार उपासाचे. उपासाच्या दिवशी हे रक्त सांडत नाहीत, संगणकातलंही नाही. आमच्या अब्बांना, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंना, एकदा विचारायला गेले, शत्रू चाल करून आला तर काय. अब्बा म्हणाले, "बाबा, तू आधी शेजाऱ्याशी बांधावरून भांडणं बंद कर." याचा अर्थ यांनी 'लढू नये' असा घेतला. ईस्टरआधीच्या मोठ्या उपासात तर पंचावन्न दिवस तलवार म्यानात. तेवढ्यात सिसायने डोंगराकडच्या तीन चौक्या आणि समुद्रातली दोन बेटं आरामात खाल्ली. अदुलिस तेवढं राहिलं, तट जाड आणि धान्य भरपूर म्हणून.

ईस्टर झाला. पुढच्या बुधवारी सकाळी मी शाळेत निघाले होते, तर सिसायचा फोन.

"ताई, आज सगळी फौज जहाजांतून किनाऱ्यावर उतरवली. उतरली त्या दिवशी ती लढू शकत नाही, पण आज गाशे कुठे हात लावणार? उद्या सकाळी तट चढतो. तू त्यांची पिशवी भरून ठेव."

मला आनंद झाला. आणि लगेच स्वयंपाकघरातून वास आला. चुलीवर माझं डोरो वॉट रटरटत होतं. कोंबडी, अंडी, तूप, सगळं. बुधवारी.

"सिसाय, मी आज कोंबडी केलीये," मी सांगितलं.

"वा! माझ्यासाठी एक तंगडी ठेव," म्हणाला, आणि बस आली म्हणून फोन ठेवला.

ईस्टरनंतर पन्नास दिवस बुधवार-शुक्रवारचा उपास नसतो, हे आमच्याकडे चार वर्षांचं पोरही सांगेल. अदिसला खानावळीत जेवून जेवून हा विसरला! पुन्हा फोन लावला तर बंद. माझ्या सख्ख्या भावाची अक्कल.

दुपारी यांनी इंजेराच्या दोन भाकऱ्यांबरोबर कोंबडी चापली, बोटं चाटली, कॉफी घेतली.

"वाच."

मी वाचलं. किनाऱ्यावर चार हजार. जहाजं रिकामी.

"रिकामी? नक्की?"

"नक्की," मी म्हटलं. झालं. सांगितलं खरं.

"हत्ती खाली आण. घोडे मागून, जहाजांच्या बाजूने. परतीची वाट आधी बंद कर." सहा महिने पोसलेले ते ऐतखाऊ डोंगरावरून उतरले, आणि पाच मिनिटांत सिसायची फौज उरली नाही. त्याचे बेटांवरचे शिपाईही खायला नाही म्हणून शरण आले.

"संपलं?" अयालेव खुर्चीवरून उठले. "अदुलिसवर झेंडा कोणाचा?"

मी बटणांवरचा हात काढून घेतला.

"येशी, झेंडा कोणता आहे?"

"बघा ना. तुम्ही जिंकलात. तुमचं बंदर."

ते पुढे झाले. नाक काचेला टेकलं. डावा डोळा लावला, मग उजवा. बाहीने काच पुसली, पुन्हा बघितलं. झेंडा हिरवा होता, तळहाताएवढा.

"सांग की."

"नाही सांगत. सिसायने विषय काढायचा नाही असं ठरलंय. मी काहीच कबूल केलं नव्हतं. यापुढे मी एकही आकडा वाचणार नाही."

"ही गद्दारी आहे."

"आहे."

मी भांडी घासायला गेले. आतून बटणं उगाच खटखट वाजली, आणि खुर्ची सरकली.

"मी हरलेलो नाही, हे सिसायला आधी सांगायचं," दारात येऊन ते म्हणाले.

"सांगेन."

"आणि पिशवीत माझा लोकरीचा सदरा ठेव. अदिसच्या बसच्या खिडक्या लागत नाहीत."