आधी औषध, मग रंग

मंडळी, आज मला आईनं कोडिंग शिकवलं. खोटं नाय सांगत!

मी महाळुंग्यात घरूनच काम करते. डेअरीतल्या दुधाच्या टाक्यांचं तापमान मेसेजनं येतं, मेसेज रांगेत थांबतात आणि माझा प्रोग्राम एकेक उचलून नोंदवतो. तयार कोडची एक छोटी लायब्ररी वापरलीय, दहा-बारा ओळींत काम होतं. पण लाईट जाऊन कॉम्प्युटर बंद पडला की एखादा मेसेज गायब! तीन दिवस डोकं खाजवत होते.

आज सकाळी मेंढरांना जंताचं औषध द्यायचं होतं. आई पाजणार, मी 'हिचं झालं' या खुणेला पाठीवर रंगाचा पट्टा ओढणार. घाईत मी पट्टा आधीच ओढला आणि मेंढी औषध न पिताच कळपात पळाली.

आई कडाडली, "आगं, रंग बघून तिला आता कोण पाजल? आधी औषध, मग रंग!"

मी रंगाच्या हातांनीच कॉम्प्युटरकडं पळाले. माझा प्रोग्रामही तेच करत होता. मेसेज उचलला की लगेच 'झालं' अशी खूण, नोंद नंतर; मधेच लाईट गेली की नोंद राहूनच जायची. क्रम बदलला. मुद्दाम वायर उपटून पुन्हा चालू केलं. सगळे मेसेज हजर! लई भारी वाटलं, राव.

डेअरीच्या साहेबांनी फोनवर विचारलं, "कुठं शिकलीस?" म्हटलं, "आईकडं."

परत गेले तर आईनं बाकीचं उरकलेलं, सगळ्याच मेंढरांवर पट्टे. पळालेली कोणती, मला कळेना. आईनं एकदाच नजर फिरवली आणि नेमकी तीच धरून आणली.

आईच्या नजरेचं हे कोड मला अजून लिहिता येत नाही. तुमच्यापैकी कुणाला येतं का?