पेडणेकरकाकांना पहिल्या पानावर आणताना

आमच्या धंद्यात किस्से गोळा करावे लागत नाहीत. गळणाऱ्या एसीखाली ठेवलेली बादली भरते ना, तसे ते आपसूक साचतात. अंधेरीला एमआयडीसीत एका गाळ्याच्या पोटमाळ्यावर आमचं ऑफिस. लोकांच्या वेबसाइट सुधारायच्या आणि सर्चमध्ये वर आणायच्या, हे काम. माणसं तीन: मालक सुशांत, डिझाइन करणारी प्रज्ञा आणि उरलेलं सगळं करणारा मी. कॉम्प्युटर त्रास देतो, नाही असं नाही, पण क्लायंटची सर त्याला नाही. आणि घाटकोपरच्या पेडणेकरकाकांची सर कुठल्याच क्लायंटला नाही.

काकांचं दुकान फॅन्सी ड्रेस भाड्याने देण्याचं. त्या भागात शाळेच्या गॅदरिंगला कुणाचा मुलगा वांगं झाला, तर ते वांगं काकांचंच. मग रस्त्यापलीकडे सागर नावाच्या तरुणाने काचेचं चकाचक दुकान टाकलं आणि गिऱ्हाईक तिकडे वळलं. काकांचा मुलगा नितीन पवईला नोकरी करतो. त्याने निर्वाणीचं सांगितलं, दिवाळीपर्यंत धंदा सावरला नाही तर दुकान मोबाइलवाल्याला देऊन टाकायचं. म्हणून काका आमच्याकडे आले.

पहिल्याच मीटिंगला त्यांनी विचारलं, पहिल्या नंबरवर सध्या कोण बसलाय? सागर, असं सांगितल्यावर म्हणाले, मग हे नंबर देतो कोण आणि त्याचं ऑफिस कुठे आहे?

"पेढे घेऊन भेटून येऊ. ओळख निघाली की काम होतं."

सुशांतने जीव तोडून समजावलं की असा कुणी माणूस नसतो, सगळं मशीन ठरवतं. काकांनी मान डोलावली आणि जाताना प्रज्ञाला हळूच विचारलं, मशीनवर ड्यूटीला कोण असतं?

०

पुढच्या आठवड्यात काका खरंच पेढे घेऊन आले. पहिला नंबर आला म्हणे! फोन दाखवला, तर त्यांचं दुकान सगळ्यात वर. आमच्या फोनवर मात्र ते कुठल्या कुठे मागे. प्रज्ञाने सांगितलं, काका, तुम्ही दिवसभर स्वतःचंच दुकान शोधता, म्हणून तुमचा फोन तुम्हाला खूश ठेवतो. काकांचा चेहरा असा उतरला की मला वाईट वाटलं. हातातला पेढा मी परत खोक्यात ठेवला.

पण हार मानतील ते काका कसले! दुसऱ्या दिवसापासून दुकानाबाहेर स्टूल, स्टुलावर त्यांचा फोन आणि वर पाटी: 'इथे शोधा.'

०

काकांची साइट त्यांच्या भाच्याने केली होती. उघडली की सनई वाजायची आणि एकही ड्रेस दिसायच्या आधी मुलाची उंची, छाती, कंबर भरावी लागायची. प्रज्ञा म्हणाली, लोक इथूनच पळतात, आधी ड्रेस दाखवा, माप नंतर. काका ऐकेनात.

"अगं, आधी दाखवला आणि मग बसला नाही, की पोर भोकाड पसरतं. त्याला गप्प कोण करणार, तुझी वेबसाइट?"

प्रज्ञा कुणाचं ऐकत नाही, पण हे तिलाही पटलं. शेवटी तडजोड झाली. ड्रेस आधी दिसतील, पण प्रत्येकाखाली सूचना राहील: 'माप घेतल्याशिवाय मुलाला दाखवू नये.'

०

मग साइट लोकांना नीट वापरता येते का, ते बघायचं ठरलं. खालच्या ऑफिसातल्या एका मॅडमना बोलावलं आणि सांगितलं, मुलीसाठी गाजराचा ड्रेस शोधा. नियम एकच, कुणी मदत करायची नाही. काका शेजारीच बसले होते.

मॅडमना गाजर सापडेना. सापडणार कसं? काकांनी त्याचं नाव 'भाजी नं. ४' ठेवलं होतं, कारण दुकानातल्या खोक्यावर तेच लिहिलेलं. मॅडम वैतागल्या आणि त्यांनी साइटवरचा नंबर फिरवला. काकांच्या खिशात फोन वाजला. काका उठले, मॅडमकडे पाठ केली, गाजर पक्कं केलं, मापं लिहून घेतली, फोन ठेवला आणि आमच्याकडे वळले.

"बघितलंत? झकास चालते की साइट."

०

सनई बंद केली, भाज्यांना खरी नावं दिली आणि काका हळूहळू पहिल्या पानावर आले. पण त्याच्याही वर सागरची पैसे भरून लावलेली जाहिरात असायची. काका हट्टाला पेटले, आपली पण लावा. या जाहिरातीचं गणित सोपं आहे. कुणी क्लिक केलं की पैसे कापले जातात, दिवसाचे पैसे संपले की जाहिरात गायब. आम्ही लावली, तर रोज सकाळी दहाच्या आत गायब, आणि फोन एकही नाही!

काकांना विचारलं, तर ते निरागसपणे म्हणाले, दुकान उघडलं की अगरबत्ती लावून आपल्या जाहिरातीवर बोहनी करतो. ते स्वतः, काकू, मेव्हणे, सोसायटीतले शेजारी, सगळे करतात. एक नितीन सोडून, त्याचा असल्या गोष्टींवर विश्वास नाही.

सुशांतने कपाळावर हात मारला आणि जाहिरातीचं गणित पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. काकांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"मग समोरच्याची बोहनी केली तर?"

सुशांत सहसा चिडत नाही, तेव्हा चिडला. ही लबाडी आहे, असलं काही केलंत तर आपलं काम इथेच बंद, म्हणाला. काकांनी कान पकडले आणि घरी जाऊन सगळ्यांची बोहनी थांबवली. रात्री जेवताना हा सगळा प्रकार त्यांनी नितीनला सांगितला. तो नुसता हसला म्हणे.

दिवाळी तोंडावर आली तेव्हा नितीन काकांना घेऊन ऑफिसात आला, काय ते एकदा ठरवायला. काका रुमालाशी चाळा करत बसले होते. सुशांतने गेल्या महिन्याचा रिपोर्ट उघडला. ऑर्डरी चांगल्याच वाढल्या होत्या, फक्त सगळ्या सकाळी दहानंतरच्या. असं का, ते आम्हाला कुणालाच सांगता येईना. नितीन म्हणाला, वाढल्यात ना, मग दुकान राहू दे. काकांच्या डोळ्यांत पाणी आलं.

तेवढ्यात दार ढकलून सागर आत आला. काकांना नमस्कार केला आणि सुशांतला म्हणाला, काकांची साइट वर आणलीत, आता माझंही बघा. त्याची जाहिरात महिनाभर रोज सकाळी दहाच्या आत संपत होती आणि फोन एकही येत नव्हता.

आम्ही तिघांनी एकदम काकांकडे पाहिलं. काका पांढरेफटक पडले.

"आईशप्पथ, मी नाही."

"मग रोज सकाळी उठून असं करतं कोण यार?" सागर म्हणाला.

नितीन फोनमधून मान वर न काढता म्हणाला, "देवभोळी माणसं असतील. पवईला खूप आहेत."