वस्तादांच्या मशीनला डायल

दुपारची जेवणं आटोपून रत्नप्रभा जरा आडवी होते. डोळे मिटलेत, पण झोप अजून पूर्ण आत आलेली नाही. बाहेरच्या खोलीत तिची नात प्रांजल फोनवर कुणाला तरी सांगतेय, "आजीला विचारून संध्याकाळी कळवते." विचारायचं ते एवढंच, की टेबलावर मावणारं छोटं मिलिंग मशीन घ्यायचं ते कोरं की वापरलेलं? लोखंड, पितळ कातून हवा तो आकार देणारं यंत्र ते. पोरगी स्वतःचं वर्कशॉप काढतेय. कोरं आहे ते चकचकीत, पण वजनाला हलकं. वापरलेलं आहे ते बापू मिस्त्रींच्या घरातलं, जुन्या बिडाचं, भक्कम. बापू म्हणजे रत्नप्रभाच्या नवऱ्याचे वस्ताद. ते आता नाहीत, पण मशीन आपल्या माणसाकडेच जाऊ दे, असा त्यांच्या घरून निरोप आलाय.

प्रांजलचा आवाज विरत जातो. स्वयंपाकघरात कुणीतरी डबे उचकतंय.

"अगं, चिंध्या कुठं ठेवल्यास?"

विश्वासराव. तिचा गेलेला नवरा. कामाचा निळा डगला घालून ओट्यापाशी उभे आहेत. शेगडीच्या जागी मिलिंग मशीन आहे आणि विश्वासराव ते निवांत पुसतायत.

"तो ताटं पुसायचा पंचा आहे," रत्नप्रभा म्हणते.

"आल्या आल्या सुरू झालीस."

"मेल्यावर तरी विचारून हात लावाल, असं वाटलं होतं."

ते हसतात. त्या हसण्यानंच तिचं डोकं तापतं.

"पोरीला सांग, बापूंचंच घे. नवं म्हणजे पत्र्याचा डबा. कटर टेकला की थरथर सुरू."

यात खोटं काही नाही, हे तिलाही कळतं. म्हणून तर जास्त राग येतो.

"घेऊ दे की. पण आधी डायल लावून बघू दे."

विश्वासरावांचा हात थांबतो. "वस्तादांच्या मशीनला डायल लावायचा?"

डायल म्हणजे मनगटी घड्याळाएवढा काटा. यंत्राचं टेबल केसभर ढळलं तरी तो सांगतो. दुसऱ्या कुणाचंही मशीन विश्वासरावांनी डायल लावल्याशिवाय घेतलं नसतं. पण त्यांचं पहिलं मिलिंग आलं ते बापूंकडून. तिथं त्यांनी मशीनवर नारळ ठेवला, वस्तादांच्या पाया पडले आणि टेंपो बोलावला. पुढं ते मशीन चालवलं रत्नप्रभानं. हँडल उलटं फिरवलं, की फिरायचं नुसतं हँडल, टेबल ढिम्म. मग मागं जा, पुन्हा पुढं ये, मनात अंदाज धर, तेव्हा कुठं जॉब, म्हणजे कातायचा तुकडा, मापात उतरायचा. आज त्या हातानं भरलेला तांब्याही उचलत नाही.

ओटा आता बापूंच्या अंगणात आहे. मशीनवर नारळ आहे, हळदकुंकू आहे. भोवती माणसं उभी आहेत, सगळी त्यांच्याच वर्कशॉपातली जुनी गिऱ्हाइकं. रत्नप्रभाच्या हातात डायल आहे.

विश्वासराव तिचं मनगट घट्ट धरतात. "रत्ना, लोकं बघतायत."

"बघू देत."

ती दुसऱ्या हातानं नारळ उचलून खाली ठेवते, डायल लावते आणि हँडल फिरवते. हँडल फिरतं. काटा जागचा हलत नाही. आणखी फिरवते. काटा तसाच. मग एकदम उडी मारतो. विश्वासराव रस्त्याकडे बघत उभे आहेत.

"काट्याकडे बघा की."

"काय बघायचंय? ठाऊक आहे मला."

"कधीपासनं?"

"टेंपोतनं उतरवलं तेव्हापासनं."

अंगणातली माणसं माना वळवतात.

"आणि मला बोलला नाहीत?"

"वस्तादांना काय तोंड दाखवलं असतं? आणि तुला जमत होतं की. असला हात सबंध उद्यमनगरात नव्हता."

हे वाक्य तिनं जन्मभर ठेवणीतल्या शालूसारखं जपलंय. पाहुण्यांत, लग्नकार्यात, कुणी म्हटलं की सुखावलीय. आज ते तिला हातात धरवत नाही.

"माझा हात चांगला नव्हता हो! तुमचं तोंड उघडत नव्हतं, म्हणून मी हँडल फिरवत बसले!"

"सोड आता. जरा चहा टाक."

"तुम्ही टाका."

विश्वासराव इकडंतिकडं बघतात. अंगणात ओटा आहे, ओट्यावर डबे आहेत. "पूड कुठल्या डब्यात असते गं?"

"शोधा!" ती ओरडते, आणि त्या ओरडण्यानं तिचे डोळे उघडतात.

प्रांजल उशाशी वाकलीय. "आजी, काय झालं? कुणावर चिडलीस?"

"बापूंच्या घरी आत्ता जा. डायल घेऊन जा. नमस्कार नंतर, आधी डायल. आणि घरच्यांच्या देखत लाव. काटा अडला, तर चहासुद्धा न घेता उठायचं आणि कोरं घ्यायचं."

"अगं, पण आजोबा म्हणायचे, वस्तादांच्या..."

"आजोबांशी बोलून झालंय माझं."

प्रांजल काही विचारणार, तेवढ्यात तिची नजर खाली जाते. "आजी, हाताला काय लागलंय हे?"

वर्कशॉप बंद झाल्यापासून या घरात मशीनच्या तेलाचा थेंब नाही. रत्नप्रभा उठते, नळ सोडते, साबण घेऊन मनगट घासत सुटते. चार बोटं आणि एक अंगठा. काळे ठसे हलायचं नाव घेत नाहीत.