पेजेवरचे वस्ताद

वस्ताद कुणाला पहिल्यांदा भेटले की नाव-गाव विचारत नसत. थेट दंड धरत. कोपराच्या वर, अंगठा आणि दोन बोटांत मांस चाचपून बघत आणि मग म्हणत, "जेवताय का नुस्ता वास घेताय?" माझी आणि त्यांची ओळख अशीच झाली. पौडच्या गुरांच्या दवाखान्यात मी नवा डॉक्टर होतो. अंगावर कोट होता आणि कोटाच्या आत फारसं काही नव्हतं.

वस्ताद नांद्याचे. तरुणपणी त्यांनी बऱ्याच जणांना अस्मान दाखवलं होतं. आता साठी उलटली होती, पोट सुटलं होतं, आणि ते गावातली तालीम चालवत होते. जगातल्या यच्चयावत दुखण्यांवर त्यांच्याकडे एकच औषध होतं, खुराक. ताप आला, खा. भावकीत भांडण झालं, खा. एकाचा मुलगा परीक्षेत नापास झाला तर त्याच्या बापाला यांनी रोज सात बदाम भिजवून खायला सांगितले. "पोटात गेलं तर अंगाला लागंल," हे त्यांचं सगळं शास्त्र. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नसतो, कारण वाद संपेपर्यंत आपल्यासमोर ताट आलेलं असतं.

एकदा सकाळी दवाखान्यात बैलांच्या रांगेत हे उभे दिसले, खांद्यावरून घोंगडी लपेटून. जनावर कुठाय म्हणून मी विचारलं. त्यांनी आधी आजूबाजूला पाहिलं, मग घोंगडीचं टोक वर केलं. आत एक पिटुकलं, तोंडाशी पांढरं झालेलं कुत्रं होतं. याचं नाव बारक्या. तेरा वर्षांपूर्वी ते तालमीत शिरलं आणि वस्तादांच्या ताटाशी बसलं, ते तिथलंच झालं. एवढ्या दांडग्या गड्याचं एवढंसं कुत्रं, म्हणून लोक हसत. त्यासाठी ही घोंगडी.

बारक्याचा जबडा सुजला होता आणि तोंडाला घाण वास येत होता. काय चारता, असं विचारल्यावर उत्तर आलं, "गूळ. तालमीतली समदीच खात्यात." मी तोवर बैलांच्या तोंडात हात घातला होता, कुत्र्याचे दात फक्त पुस्तकात पाहिले होते. तरी सुई टोचून गुंगी आणली आणि किडलेले नऊ दात काढले. उरलेले दोन-तीन नुसते शोभेचे होते. पोरांचे निखळलेले खांदे हसत हसत जागेवर बसवणारा हा माणूस सगळा वेळ डोळे गच्च मिटून उभा होता. निघताना मी बजावलं, मऊ, कोमट आणि थोडं थोडं खायला घाला. त्यातलं "खायला घाला" एवढंच त्यांच्या कानात शिरलं.

चौथ्या दिवशी सांगावा आला. सायकल मारत नांद्याला गेलो तर बारक्या गोणपाटावर चिपाडासारखा पडलेला. वस्तादांनी त्याला पैलवानाचा खुराक लावला होता. बदामाची थंडाई, वर तूप, संध्याकाळी पायाचा रस्सा. पहिल्याच दिवशी पोट बिघडलं, आणि तेव्हापासून त्यानं तोंड मिटलं ते मिटलंच. दोन दिवस फक्त पाणी. मी चिडलो. म्हटलं, वस्ताद, हे कुत्रं आहे, याला कुस्ती मारायची नाहीये. या वयात अजून दोन दिवस पोटात काही गेलं नाही, तर माझ्या हातात काही राहणार नाही.

वस्ताद खाली बसले. "गूळ म्याच चारला," ते म्हणाले. "दात म्याच घालवलं. आता उपाशीबी म्याच मारतुया." मला माझ्या आवाजाची लाज वाटली.

तेवढ्यात त्यांच्या सूनबाईंनी दोन ताटं आणली, एक त्यांचं आणि एक माझं. बारक्यासाठी वाटीत नाचणीची पेज. वस्ताद भाकरी मोडू लागले तसा बारक्या गोणपाटावरून उठला, झोकांड्या खात त्यांच्या मांडीशी येऊन बसला आणि त्यांच्या हाताकडे बघू लागला. वाटी पुढे सरकवली तर त्यानं मान फिरवली. तेरा वर्षं रोज दुपारी वस्तादांच्या ताटातला शेवटचा घास त्याला हातानं मिळत होता. दात काढल्यापासून भाकरी बंद, म्हणून तो घासही बंद झाला होता. वाटीतलंही जेवण असतं, हे त्याला मान्यच नव्हतं.

मी म्हटलं, वस्ताद, आता तुम्हीच पेज खा, आणि शेवटचं बोट त्याला द्या.

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी त्यांना बांगड्या भरायला सांगत होतो. पण वाटी तोंडाला लावली. बिनमिठाची पेज डोळे मिटून प्यायले, तळाशी राहिलेली बोटावर घेतली आणि त्याच्या गालफडात सोडली. बारक्यानं ती बराच वेळ तोंडात धरली. मग गिळली. वस्ताद सुनेला म्हणाले, "आनखी आन." त्या दुपारी चार बोटं गेली. आम्ही दोघं उगाच खाकरत इकडेतिकडे बघत राहिलो.

कुत्रं मोठं बेरकी. वस्तादांनी आधी खाल्लं नाही तर ते बोट घेईना, आणि मी तर दिवसातून पाच वेळा थोडं थोडं द्यायला सांगितलेलं. त्यामुळे वस्तादही पाच वेळा पेज पिऊ लागले. आठवड्यात त्यांचा सदरा ढगळ झाला. तालमीत कुजबुज सुरू झाली. कुणी म्हणे वस्तादांनी माळ घातली, कुणी म्हणे पोटात गाठ आहे. वस्ताद पेज पीत राहिले. मला मात्र रोज विचारणा यायची, धोका टळला का? मी म्हणायचो, तो आपण होऊन चाटायला लागेपर्यंत काही सांगता येत नाही.

पेजेच्या नवव्या दिवशी शेजारच्या चांद्याची जत्रा होती. शेवटची कुस्ती वस्तादांच्या पट्ठ्याची, मारुंजीच्या पैलवानाशी. त्यांचे पट्ठे लढत ते त्यांच्या आवाजावर. वस्ताद आखाड्याच्या कडेला उभे राहून "पट काढ, पट!" असे ओरडत, ते चार शेतांपलीकडे ऐकू जाई. त्या दिवशी ते फेटा बांधून आले आणि मानाच्या जागी मांडी घालून बसले. घोंगडी आणली नव्हती. मांडीवर बारक्या, शेजारी पितळी डबा. सगळ्या जत्रेदेखत त्यांनी झाकणात पेज ओतली, एक घोट घेतला आणि बोट पुढे केलं. लोक पोट धरून हसले. "वस्ताद, त्यालाबी लांग-लंगोट चढवा," असं कुणीतरी ओरडलं. मी शेजारी बसलो होतो, माझेच कान तापले. वस्तादांनी मान वर केली नाही.

हलगी कडाडली, कुस्ती लागली. पट्ठ्या दोनदा खाली गेला आणि दोनदा कडेकडे पाहून उठला. आवाज काही आला नाही. कारण बारक्यानं नेमकं तेव्हा बोट सोडून झाकणात तोंड घातलं होतं. आधी नुसता वास घेतला. मग जीभ लागली, एकदा, दोनदा, आणि मग ती थांबेना. वस्तादांनी झाकण दोन्ही हातांनी धरलं होतं. डोळ्यांतलं पाणी मिशीत उतरत होतं. पुसायला हात मोकळा नव्हता.

एकदम गलका झाला, फेटे उडाले. कोण पडलं ते मलाही दिसलं नाही. मातीनं माखलेला पट्ठ्या माणसांतून वाट काढत धावत आला आणि वस्तादांच्या पायावर डोकं ठेवायला वाकला, तेव्हा कळलं.

"हळू," वस्ताद दबक्या आवाजात म्हणाले. "खातंय ते."

आणि जत्रेतली शेवटची कुस्ती मारून आलेला तो गडी तिथेच गुडघे टेकून, बारक्याचं खाऊन व्हायची वाट बघत राहिला.